पौर्णिमेचा शिरा

ती. द्वारकावन्सं यांना मनकर्णाचा पुंडलिकनगरहून वाकून नमस्कार.

गुडघे कसे आहेत? तिकडं वैजापूरला थंडी पडली असेल, तिळाचं तेल चोळत जा (ते महागाचं मलम नको). इकडं देवाच्या कृपेनं तब्येती बऱ्या आहेत, फक्त तोंड दाखवायला जागा उरली नाही.

कारण तुमचे बंधू. रहस्यकथा लिहायला लागले तेव्हा थोरला रांगत होता, आता त्याला चाळिशीचा चष्मा आहे. तहसील कचेरीतून पेन्शनीत निघाले, पण खुनांतून काही निघाले नाहीत. विहिरीत ढकलून झालं, उशीनं दाबून झालं, खुलताबादच्या घाटात ब्रेक निकामी करून झाले. मोतीबिंदूनंतर तरी हात आवरतील वाटलं, तर या दिवाळी अंकात त्यांनी सत्यनारायणाच्या प्रसादातच विष कालवलं! पहिला घास खाईल ते माणूस जागच्या जागी गार. मला त्याचा पत्ता नाही, आणि मी पौर्णिमेला पूजा मांडून सगळी गल्ली बोलावलेली.

आरती झाली, शिरा वाटला (तूप साजूक, वेलदोडे बेतानं). बाया हातावर घेतात, कपाळाला लावतात आणि तशाच उभ्या! प्रसाद, त्यामुळं नाकारताही येईना. आवडाबाई म्हणाली, "वहिनी, आधी तुम्हीच घ्या की." आता पूजा माझ्या घरची, मी सगळ्यांच्या आधी कशी खाणार? म्हटलं, "तुमचं होऊ द्या, मग मी." तर साळूबाई हळूच, "त्या गोष्टीतली बाई बी अस्संच म्हणती."

तुमच्या बंधूंना ऐकू कमी येतं, पण हे नेमकं आलं. लाजायचं सोडून लई खूश! "म्हणजे वाचतात व्हय लोक!" म्हणत डायबेटिस विसरून तीन वाट्या खाल्ल्या. तरी कुणी हललं नाही. "त्यांचं काय, उतारा ठाऊक असंल," इति आवडाबाई. शेवटी प्रसाद कागदात बांधून घरोघर गेला आणि सकाळी गाईंपुढं दिसला. देवापुढं मान वर करवत नाही, वन्सं.

घरच्या सगळ्यांना यथायोग्य सांगावं.

तुमची
मनकर्णा

ता. क. येत्या पौर्णिमेला पुन्हा पूजा मांडतेय. तुम्ही यावं आणि सगळ्यांदेखत पहिला घास घ्यावा. सख्ख्या बहिणीनं खाल्ला की गल्ली खाईल. एस.टी.चं भाडं माझ्याकडं (अर्धं तिकीट पडेल, कार्ड विसरू नका).

आणखी एक. दिवाळी अंक तिकडं आला असेल तर यायच्या आधी वाचत बसू नका. पहिला घास खाते ती नणंद आहे, वैजापूरची. नुसता योगायोग, असं तुमचे बंधू म्हणतात.