दत्तारामच्या वडिलांचा सत्कार

देवरूख,
मंगळवार, ४ फेब्रुवारी १९८६

प्रिय दत्ताराम,

परवाच रविवारी तुझ्यासमोर यमुनाआत्याच्या ओटीवर तासभर बसून गेलो आणि लगेच हे पत्र, म्हणजे तुला वाटेल की अण्णा चष्मा तिथेच विसरले असणार. चष्मा नाकावर आहे. विसरलं ते बोलणं. जे बोलायला चिपळूणला आलो होतो ते न बोलताच परत फिरलो. आत्याने दोनदा चहा केला, मी तुला कवायत स्पर्धेचे गुण सांगितले, चिपळूणची तुकडी कुठे चुकली ते सांगितलं, तू "हो, हो" म्हणत ऐकून घेतलंस, आणि गाडीची वेळ झाली म्हणून मी उठलो. तू पिशवी घेऊन स्टँडपर्यंत आलास. तिथेही मी तुला गाड्यांच्या वक्तशीरपणाबद्दलच सांगत राहिलो. संगमेश्वरला गाडी थांबली तेव्हा शेजारचा माणूस माझ्याकडे बघायला लागला, कारण मी स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होतो. शिव्याच घालत होतो म्हण ना. जन्मभर मैदानावर ओरडलेल्या माणसाला घरात साधं वाक्य बोलता येत नाही, हे तुझी आई उगाच म्हणत नाही. हातात पेन असलं की थोडा धीर येतो, म्हणून लिहितो आहे.

तू जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आलास, तेव्हा मी अंगणात एन.सी.सी.च्या पोरांच्या पट्ट्यांची पितळी बक्कलं घासत बसलो होतो. फाटकाशी तू, आणि तुझ्या मागे केरू हमाल, डोक्यावर तुझी काळी ट्रंक. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात तुझं नाव आणि सैनिकी अकादमीतला नंबर. मी विचारलं, "किती दिवसांची सुट्टी?" तू म्हणालास, "परत जायचं नाही, अण्णा." केरू ट्रंक उतरवून ठेवत होता. मी तुझ्याकडे पाहिलं, केरूकडे पाहिलं, आणि पुन्हा बक्कल घासायला घेतलं. तुला आठवत असेल. मला तर ते बक्कल अजून हातात असल्यासारखं वाटतं. आई आतून धावत आली, तुला आत घेऊन गेली. मी मात्र सगळी बक्कलं संपवूनच उठलो. संध्याकाळी ट्रंक माजघरातून पडवीच्या कोपऱ्यात सरकवली आणि तिच्यावर भाताचं रिकामं पोतं टाकलं. आईला म्हटलं, उंदीर कुरतडतील. लोखंडी ट्रंक उंदीर कुरतडतात असं सांगणारा भूगोलाचा मास्तर जगात मी एकटाच असेन.

तुला चिपळूणला धाडलं ते आत्याच्या घराचं छप्पर शाकारायला, असं मी सांगितलं होतं. तिचं छप्पर गेल्याच वर्षी शाकारून झालंय हे तुलाही तिथे गेल्यावर कळलं असेल. तिने मला पत्रात विचारलंसुद्धा, कसलं छप्पर रे अण्णा? तू मात्र परवा त्याबद्दल एक शब्द काढला नाहीस. खरं कारण तुला ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून ते यायला हवं. पंचवीस तारखेला स्पर्धा होती. जिल्ह्यातल्या शाळा येणार, बटालियनचे लोक येणार, आणि त्या गर्दीत तू साध्या शर्ट-पँटमध्ये हिंडताना कुणाला दिसू नयेस, म्हणून मी तुला लांब केलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा माझा हिशेब. केरू पाहून गेला होता, पण त्याच्यासारख्या माणसाला अकादमीतलं काय कळतंय, असंही मी धरून चाललो.

देवरूखला ही स्पर्धा पहिल्यांदाच मिळाली होती. मी दोन वर्षं बटालियनच्या कचेरीत चकरा मारल्या होत्या. शाळेमागच्या सड्यावर, त्या उघड्या कातळावर, दगड वेचून मैदान केलं, फक्कीच्या रेघा मारल्या, त्या गुरांनी पुसल्या, पुन्हा मारल्या. बूट सगळ्यांना पुरेनात, तर दोन शाळांच्या पोरांनी आलटून पालटून घालायचे असं ठरवलं. खाकी कपड्यांना खळ हवी म्हणून तुझ्या आईने आठवडाभर मोठ्या टोपात पेज शिजवली आणि आळीतल्या बायकांनी ती कपड्यांना घातली. आई कामाला नाही म्हणाली नाही. फक्त माझ्याशी बोलायची थांबली होती. मला वाटलं, बरं झालं, तेवढाच कामाला वेळ मिळाला. आणि पोरांना मी तेच शिकवलं जे तुला नववीत शिकवलं होतं: शेजारचा चक्कर येऊन पडला तरी मान वळवायची नाही. नजर समोर. पडलेल्याला उचलायला मागे माणसं असतात. तू तेव्हा विचारलं होतंस, "आणि मागे कुणी नसलं तर?" मी तुला मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या होत्या.

स्पर्धेच्या दिवशी प्रमुख पाहुणे, रत्नागिरीचे एक निवृत्त कर्नलसाहेब, दीड तास उशिरा आले. गाडी पावसकडे कुणाच्या तरी लग्नाला वळली होती म्हणे. तोवर मी सगळ्या तुकड्या उन्हात उभ्या ठेवल्या. शिक्षक म्हणाले, पोरांना सावलीत बसवू या. मी म्हटलं, पाहुण्यांची गाडी वळणावर दिसली आणि पोरं पांगलेली असली तर शोभा होईल. कातळावरचं ऊन तुला माहीत आहे, खालूनही भाजतं. आपल्या तुकडीत दुसऱ्या रांगेत केरूचा मुलगा काशीराम होता. पाहुणे पाहणी करत पहिल्या रांगेपुढून जात असताना तो सरळ तोंडावर पडला. बाकीची सगळी पोरं तशीच उभी. एकाचीही मान हलली नाही. आणि खोटं का सांगू, त्या क्षणी मला त्या पोराची काळजी वाटली नाही, त्या न हललेल्या मानांचा अभिमान वाटला.

काशीरामची आई हौसा लोकांत बसली होती. ती उठली आणि पदर सावरत फक्कीच्या रेघेवरून थेट आत धावली. मी माइकवर होतो. "ओ बाई, मागे व्हा, रेघ ओलांडू नका," असं मी सगळ्या सड्याला ऐकू जाईल एवढ्यांदा ओरडलो. ती मागे वळलीच नाही. कर्नलसाहेबांच्या बुटांपाशी फतकल मारून बसली, पोराचं डोकं मांडीवर घेतलं, पदराने त्याच्या नाकातलं रक्त पुसलं. पोरगा घरून उपाशी आला होता. गणवेश मळेल म्हणून सकाळची भाकरी त्याने खाल्ली नव्हती. मी कुणाला तरी खूण केली आणि त्या दोघांना मैदानाबाहेर नेलं. मग राखीव पोरगा रांगेत घेऊन कवायत झाली. देखणी झाली. ढाल आपल्याला मिळाली. परीक्षक सुभेदार म्हणाले, "पोरगा पडला तरी रांग हलली नाही, याला म्हणतात शिस्त." टाळ्या पडल्या, आणि माझी छाती, जी सैन्यभरतीत कधीच पुरी भरली नव्हती, ती त्या दिवशी भरली.

आता जे लिहायचं आहे ते रविवारी तुला सांगितलं नव्हतं. बक्षिसं झाल्यावर संस्थेच्या अध्यक्षांनी पुकारलं, "अकादमीत शिकत असलेले आपले माजी विद्यार्थी दत्ताराम यांच्या वडिलांचा सत्कार." हे डिसेंबरात ठरलं होतं, तू तिथे होतास तेव्हा. पण तू आल्यानंतर कार्यक्रमपत्रिका छापायच्या आधी माझ्याकडेच तपासायला आली होती. मी तिच्यातल्या पाहुण्यांच्या पदव्या दुरुस्त केल्या आणि ही ओळ तशीच सोडली. वाटलं, काढली तर लोक का म्हणून विचारतील. मी व्यासपीठावर गेलो. कर्नलसाहेबांनी खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि विचारलं, "चिरंजीव कधी पास आउट होणार?" मी म्हणालो, "पुढच्या वर्षी, सर." दत्ता, मी हसून म्हणालो. समोर सगळं गाव बसलं होतं. ते गाव टाळ्या वाजवत होतं, आणि मला वाटलं, निभावलं.

पाहुण्यांची गाडी गेल्यावर मी खांद्यावरची शाल तशीच ठेवून मांडव सोडवून घेत होतो. तेव्हा हौसा आली. मला वाटलं, माइकवरून ओरडलो म्हणून भांडायला आली. मी उसना राग तयार ठेवला. ती म्हणाली, "गुरुजी, काशीराम उठून बसलाय, पेज प्याला. तुमचा दत्ताराम बरा हाय ना? लय बारीक झालाय, म्हनत हुते आमचे हे. चिपळूनच्या गाडीत चडताना बघितलानी त्याला. कायमचा आलाय ना? मंग पोराला जवल ठेवून खायला-बियला घाला हो." एवढं बोलून ती गेली. तिच्या बोलण्यात टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. तिने खरोखरच चौकशी केली होती. आपला शिपाई धोंडू तिथेच सतरंज्या गुंडाळत होता. मी त्याच्याकडे बघितलं तर तो खाली बघायला लागला. मग म्हणाला, "सगल्यांना म्हायती हाय, गुरुजी. तुमाला वायट वाटंल म्हून कोन बोलला नाय." सगळ्यांना, दत्ता. हेडमास्तरांना, अध्यक्षांना, आळीतल्या बायकांना, तुझ्या हाताखाली कवायत शिकलेल्या पोरांना. त्या मांडवात ठाऊक नव्हतं ते एका कर्नलसाहेबांना. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, मी तर व्यासपीठावर, शाल पांघरून पीत होतो. आणि गावाने माझी लाज राखायला टाळ्या वाजवल्या.

घरी आलो. शाल आईपुढे ठेवली. ती म्हणाली, "ही माझ्या घरात नको." सोमवारी मी ती अध्यक्षांना परत नेऊन दिली आणि जे खरं ते सांगितलं. त्यांनी शाल घेतली, चहा दिला आणि विषय आंब्याच्या मोहोरावर नेला. केरूच्या घरीही गेलो. काशीरामचं नाक अजून सुजलेलं आहे. मी हौसाची माफी मागितली, तर ती बिचारी लाजून आत निघून गेली आणि केरूने मला बसायला घोंगडी घातली. या लोकांनी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. कुणीच सुनावत नाही. सुनावलं ते फक्त तुझ्या आईने. परवा चिपळूणहून परतलो तेव्हा ती दारात उभी होती. "बोललात त्याच्याशी?" म्हणाली. मी म्हटलं, हो, गुणांचं वगैरे सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, "आख्ख्या गावाला ठाऊक आहे तो परत आलाय ते. का आलाय, ते तुम्हाला ठाऊक आहे का?"

मला ठाऊक नाही. आईला ठाऊक आहे. तू आलास त्याच दिवशी तिने तुला स्वयंपाकघरात बसवून विचारलं, आणि तू सांगितलंस. मी तिला म्हटलं, मला सांग. ती म्हणाली, "मी नाही सांगायची. पोरगा तुमचाही आहे, तुम्ही विचारा." महिना होत आला, दत्ता. या महिन्यात मी तुला ट्रंकेचं विचारलं, गाडीचं विचारलं, आत्याच्या तब्येतीचं विचारलं. तुला तिथे कुणी छळलं का, तुझं मन रमत नव्हतं का, की ते सगळं माझंच वेड होतं आणि तू ते माझ्यासाठी अंगावर चढवलं होतंस, यातलं एकही मी विचारलं नाही. उत्तराची भीती वाटत होती. अजून वाटते. हेच विचारायला मी रविवारी आलो होतो आणि चहा पिऊन परत गेलो, म्हणून हे पत्र. सविस्तर लिही, किंवा ये आणि सांग. मधे बोलणार नाही, नुसतं ऐकेन. तू घरी का आलास, बाळा?

तुझाच,
अण्णा