सायकलवाणी आणि नरखेडचे श्रोते

१ डिसेंबर, रविवार

आज दिशा सापडली. बावन्नाव्या वर्षी सापडली, पण सापडली.

सकाळी दूध आणायला गेलो तर शेजारचा दुर्गेश कोराडीहून सायकलवर परत येऊन राहिला होता. (लग्न व्हायचं आहे त्याचं, म्हणून जमतं.) कानात बोंडं खुपसलेली. विचारलं, गाणी का? म्हणाला, नाही काका, लोकांचं बोलणं ऐकतो. गोष्टी, गप्पा, प्रवासाचे अनुभव. इंग्रजीत ढिगानं आहे. मराठीत विचारलं तर म्हणाला, सायकलवाल्यांसाठी खास असं मला तरी सापडलं नाही.

तिथेच दुधाच्या पिशवीसकट उभा राहिलो. आवाज तर माझ्याकडे आहेच. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये सूत्रसंचालन केलं तेव्हा मागच्या रांगेनं ओरडून माइक बंद करायला सांगितला होता. गरजच नव्हती माइकची.

कार्यक्रमाचं नाव: सायकलवाणी. सायकल चालवणारे, तंबू ठोकून राहणारे, प्रवास करणारे, सगळ्यांच्या कानात मी बोलणार.

सायकल घ्यावी लागेल.

३ डिसेंबर, मंगळवार

पहिला भाग झाला. बाथरूममध्ये. तिथे आवाज छान घुमतो. मेघानं फोनवर सगळी जुळवाजुळव करून दिली. (कन्या. इंजिनीअरिंग, तिसरं वर्ष. बापाच्या कामात रस कमी, पण इंटरनेटचं समजतं.)

मागे सायकलचा आवाज पाहिजे म्हणून नवी सायकल बाल्कनीत उलटी ठेवून वंदनाला पायडल फिरवायला सांगितलं. तिने एका हातानं पायडल फिरवलं, दुसऱ्या हातानं मेथी निवडली. मधेच म्हणाली, "अहो, किती वेळ आहे हे? मले कुकर लावायचा आहे." तेही रेकॉर्ड झालं. राहू दिलं. नैसर्गिक वाटतं.

एक गोष्ट माझी स्वतःची. ऐकता ऐकता माणसाला डुलकी लागू शकते, आणि सायकलवर डुलकी म्हणजे संपलंच. म्हणून शांतपणे बोलता बोलता मी अचानक ओरडतो. "ए भाऊ! कुठं चालला? थांब!" किंवा "मागं पाहा! ट्रक!" कधी ओरडेन त्याचा नेम नाही. ही माझी स्टाइल.

८ डिसेंबर, रविवार

अनुभवाशिवाय बोलू नये, असं माझं मत आहे. आज प्रत्यक्ष सायकल चालवली. प्रताप नगर ते अंबाझरी. जाताना काही वाटलं नाही. तर्री पोहे खाल्ले, दोन प्लेट. परतीला वारा उलटा होता, म्हणून सायकल ऑटोत टाकली.

संध्याकाळी भाग दोन रेकॉर्ड केला: 'लांब पल्ल्याचं सायकलिंग, काही अनुभव'.

११ डिसेंबर, बुधवार

दुर्गेशनं ऐकलं. जिन्यात भेटला. गुडघ्याला पट्टी होती. म्हणाला, "काका, छिंदवाडा रोडवर तुमचं ऐकत होतो. तुम्ही एकदम ट्रक म्हणून ओरडले ना, मी सरळ नालीत."

म्हणजे किती एकाग्र होऊन ऐकत होता! अशी दाद कलावंताला रोज मिळत नाही.

१५ डिसेंबर, रविवार

भाग तीन परवाच झाला. आता कॅम्पिंगवर भाग. काल गच्चीवर तंबू लावला. वंदना म्हणाली, थंडी वाजेल. मी म्हटलं, तेच तर पाहिजे. तंबूत पडलो आणि निसर्गाशी एकरूप झालो. थोड्या वेळानं पाण्याच्या टाकीमागे काहीतरी खडखडलं. मांजर असावी. घरचा गॅस बंद आहे की नाही हे आठवेना, म्हणून खाली आलो आणि उशीर झाला होता म्हणून खालीच झोपलो.

आज सकाळी भाग चार केला: 'एकांतात भीतीला पळवून लावा'. यात जास्त ओरडलो. विषयाची गरज होती. माझ्या मते आतापर्यंतचा सर्वोत्तम.

२० डिसेंबर, शुक्रवार

ऐकणारे किती, कुठल्या गावचे, हे फोनवर दिसतं. मेघानं दाखवलं. नागपूरचे मोजके. त्यातला एक मी. एक मेघा, तिचं बोट चुकून लागलं होतं. तिने ऑफिसच्या ग्रुपवर टाका म्हटलं. टाकलं होतं. साहेबांनी दोन हात जोडलेले पाठवले. ग्रुपवर कोणी वारलं तरी ते तेच पाठवतात.

वंदनाला विचारलं, तू ऐकलं? म्हणाली, "दिवसभर तुमचं तेच ऐकून राहिली ना मी." खरं आहे. घरच्यांना वेगळं ऐकायची गरज नसते.

दर्जेदार गोष्टीला वेळ लागतो.

२७ डिसेंबर, शुक्रवार

नरखेड!!

आज फोन उघडला तर आकडा कुठल्या कुठे. मेघाही चष्मा लावून पाहायला लागली. सगळा नरखेड तालुका, सगळा भाग चारवर. रोज रात्री, पुन्हा पुन्हा, तोच भाग. नागपूर अजून झोपलेलं आहे, आणि तिकडे संत्र्याच्या मुलखात माणसं माझे शब्द परत परत ऐकून राहिली आहेत.

मेघा म्हणाली, बाबा, काहीतरी गडबड आहे. लेकरांना बापाचं यश पचायला वेळ लागतो.

३० डिसेंबर, सोमवार

नरखेडहून निरोप आला. जसाच्या तसा उतरवून ठेवतो:

"नमस्कार सर. मी बापूजी, शेतकरी. तुमचा आवाज लय कामाचा आहे. आता सगळ्या शिवारात तुमचाच लावतेत. पहिले आम्हाले रातभर जागाव लागे, आता मस्त झोप लागते. आमची गोपिका म्हणते सर इथंच राहत असते तर किती बरं झालं असतं."

वंदनाला चार वेळा वाचून दाखवलं. चौथ्या वेळी ती म्हणाली, "छान आहे. आता पोळी खा."

अशांत मनांना माझ्या बोलण्यानं झोप लागते. अजून काय पाहिजे माणसाला.

२ जानेवारी, गुरुवार

नव्या वर्षाचा संकल्प तातडीनं अमलात आणला. ऑफिसात स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. साहेब फोनवर होते. त्यांनी मानेनंच ठेवा म्हटलं.

घरी सांगितलं. वंदनानं हातातला झारा खाली ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मेघाचं अजून दीड वर्ष बाकी आहे," एवढंच बोलली. मग झारा परत उचलत म्हणाली, "आधी जाऊन पाहून तर या, कोण ऐकून राहिले ते. अर्ज मंग द्यायचा होता."

मी म्हटलं, जाणारच आहे. सायकलवर जाणार. तंबू घेऊन. सायकलवाणीचा माणूस एसटीनं गेलेला शोभेल का?

११ जानेवारी, शनिवार

सकाळी निघालो. वंदनानं डबा दिला, मफलर गुंडाळून दिला, आणि दुर्गेशला मागून कळमेश्वरपर्यंत यायला सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं.

कळमेश्वरला पोचलो तेव्हा पाय माझे राहिले नव्हते. दुर्गेश म्हणाला, काका, इतकं आलात हेच खूप झालं. मी विचार केला, श्रोत्यांसमोर दमलेल्या आवाजात उभं राहणं हा त्यांचा अपमान आहे. एसटी घेतली. सायकल टपावर चढवली, तिचंही तिकीट लागलं. बसमध्ये स्वतःचा भाग दोन ऐकायला घेतला. काटोल आल्यावर जाग आली.

नरखेडला बापूजी मोटरसायकल घेऊन उभे होते. साठीचे, डोक्याला रुमाल, चेहरा एकदम साधा. मी बोललो तसे खूश झाले. "अरे, तोच आवाज!" म्हणून माझा हात सोडेनात. आता त्यांच्या घरी आहे. गोपिकाबाईंनी चहा दिला, टोपलीभर संत्री पुढे ठेवली. गल्लीतले लोक दारातून डोकावून जाऊन राहिले. संध्याकाळी शेतावर जायचं आहे. तिथे सगळे ऐकतात म्हणे.

भाषणाचे चार मुद्दे काढून ठेवले.

१२ जानेवारी, रविवार. नागपूर

काल काय झालं ते लिहायला पाहिजे. मन नाही, पण लिहितो.

दिवस बुडता बुडता शेतावर गेलो. बापूजींची नवी संत्र्याची बाग, झाडं गुडघ्याएवढी, मधल्या जागेत हरभरा टाकलेला. आजूबाजूच्या शेतांतलेही आठ-दहा जण आले होते. बापूजींनी ओळख करून दिली, "हेच ते सर." सगळे माझ्याकडे फार आदरानं पाहत होते. एक जण म्हणाला, "सर, एक डाव इथं वरडून दाखवा ना." मला वाटलं, उत्साहात आहे. मी मुद्द्यापासून सुरुवात केली. "मित्रांनो, एकांत म्हणजे..."

तेवढ्यात समोरच्या बांबूवर बांधलेल्या भोंग्यातून माझाच आवाज आला. मग डावीकडच्या शेतातून. मग नाल्याच्या पलीकडून. एकाच वेळी नाही, एकामागून एक. साऱ्या शिवारात मीच. "ए भाऊ! कुठं चालला? थांब!" आणि मागून पुन्हा मीच, "थांब!"

खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. बापूजींना विचारलं, लोक बसतात कुठे ऐकायला?

"कोण बसते सर?" बापूजी म्हणाले. "लोक तं घरी झोपतेत."

मग ऐकतं कोण?

"डुकरं," ते म्हणाले. "रानडुकरं येतेत ना हरभऱ्यात. पहिले रेडिओ लावला, त्याची सवय झाली त्याइले. गाणे लावले, सवय झाली. तुमचा आवाज लावला तं पार जंगलात पयाले."

गोपिकाबाईंनी नीट समजावून सांगितलं. त्यांनीच फोनवर बोलून शोधलं होतं, डुकराले कसं पळवून लावाव म्हणून. तर फोननं माझा भाग चार काढून दिला. "तुम्ही मधातच वरडता ना सर, त्याचा काही नेम नाही. डुकराले वाटते माणूसच आला. लय बेकार वरडता तुम्ही," असं म्हणाल्या. कौतुकानं म्हणाल्या. तेच जास्त लागलं.

चेहरा पडलेला दिसला असेल. बापूजी बायकोला म्हणाले, "काहून सांगतं वं सरले असं!" त्या म्हणाल्या, "वाईट काय सांगितलं? पोराइनं किती रातभर जागल केली, आता घरी झोपतेत. सरचे उपकार नाही का?"

रात्री त्यांनी वांग्याची भाजी केली होती. दोन घास गेले. तंबू त्यांच्या अंगणात लावला आणि पडलो. शिवारातून मी ऐकू येतच होतो. स्वतःचा भाग असा पूर्ण कधी ऐकला नव्हता. दोन ओरडण्यांच्या मधे मी काही विशेष सांगत नाही.

सकाळी निघताना गोपिकाबाईंनी संत्र्यांचं पोतं एसटीत चढवून दिलं. सायकल टपावर, पोतं मांडीवर.

१३ जानेवारी, सोमवार

सकाळी ऑफिस उघडायच्या आधी दारात. साहेब आल्याबरोबर म्हटलं, अर्जाबद्दल थोडं बोलायचं होतं. कोणता अर्ज, म्हणाले. ट्रेमध्ये सगळ्यात खाली होता. पाकीट फोडलंच नव्हतं. घेऊन आलो.

वंदनाला सांगितलं. ती संत्री सोलून राहिली होती, एक माझ्या हातात दिलं. नंतर म्हणाली, "आख्ख्या गावाले झोप लागली, ते काय कमी आहे?" मेघा दुसऱ्या खोलीत उशीत तोंड खुपसून हसत होती. भिंती पातळ आहेत.

१९ जानेवारी, रविवार

बापूजींचा फोन. डुकरं आता माझ्या आवाजाला सरावायला लागली. "सर, नवीन काढा एखादा. जरा चिडून बोलजा."

कलेला मागणी आहे. बसलो. पण चीड येईना. वंदना म्हणाली, मी आणते. तिने सायकलीवर किती खर्च झाला विचारलं, गच्चीवरच्या मांजरीचं काढलं, माझ्या आईकडून मिळालेल्या स्वभावाबद्दल बोलली. तरी येईना. मी "ए भाऊ!" म्हटलं तर विनंती केल्यासारखं आलं. वंदना इतकी हसली की बाथरूमच्या दाराला टेकून खाली बसली. तिला असं हसताना पाहून मलाही हसू आलं.

शेवटी ओरडणं सोडून दिलं आणि नरखेडला काय झालं तेच सांगितलं. भोंगे, हरभरा, वांग्याची भाजी, सगळं. सहज बोलत गेलो. तोच पाठवला. परिणाम होणारच. मनापासून केलेला आहे.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून आलो आणि बापूजींचा फोन. आवाज पडलेला. नवा भाग लावला, म्हणाले. पहिल्या रात्री डुकरं धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, येऊन उभी राहिली. दुसऱ्या रात्री आत आली. काल भोंग्याखालीच बसून हरभरा खाल्ला आणि तुमचं सगळं बोलणं झाल्यावर उठून गेली. "सर, मनावर नका घेऊ. आता आम्ही फटाके लावून पाहतो."

फोनवर पाहिलं. नरखेड शून्य.

वंदनानं विचारलं, काय म्हणत होते? मी म्हटलं, नवा भाग आवडला. इतक्या दिवसांत शेवटपर्यंत बसून ऐकणारे हे पहिलेच.