झोप लागत नाही, याला पुरावा काय?

३ जून, सकाळी ७
आजपासून नियमित रोजनिशी. विमा कंपनीच्या क्लेमचा स्वतंत्र वैद्यकीय तज्ज्ञ म्हणून नेमणूक होऊन वर्ष झालं. कागद वाचायचे, मंजूर की नामंजूर लिहायचं. पेशंट पाहायचा नाही. नावगावही खोडून येतं. म्हणून तर निष्पक्ष!
संकल्प: रोज पाच फायली. जेवताना फायलींचा विषय बंद. बायकोला, सुमेधाला, वेळ द्यायचा.

४ जून
दुसरा संकल्प मोडला, पण कारण सबळ. रोलिंग मिलचा कामगार, छातीत धडधड, भीती वाटते म्हणे. भट्टीपाशी भीती कुणाला वाटत नाही? नामंजूर. सुमेधाला रंगवून सांगितलं. हसली नाही. वरणात मीठ नव्हतं. सलग चौथा दिवस.

९ जून
सुमेधा म्हणते, तीन आठवडे झाले, झोप लागूनच न्हाई राह्यली, शाळेत फळ्यापुढे रडू येतं. मी शांतपणे विचारलं, झोप लागत नाही याला पुरावा काय? मी शेजारीच असतो, मला तर ती कधी जागी दिसली नाही. ती म्हणाली, तुम्ही घोरत असता. मुद्दा गैरलागू.

११ जून
सुमेधा सहा दिवस भावाकडे, जाफराबादला. धम्मपाल स्वतः न्यायला आल्ता. माझ्याकडे नुसता पाहत राहिला. हवापालट बरा. उद्यापासून पहाटे फिरायला जाणार.

१७ जून
सुमेधा परत. दुपारी झोपली चक्क. बॅगेत गोळ्या दिसल्या, व्हिटॅमिन असणार. जाफराबादची हवाच तशी. फिरणं सोमवारपासून.

२ जुलै
मानसोपचाराची फाईल. शिक्षिका, वय ४६, सहा दिवस ॲडमिट. झोप नाही, वर्गात रडू, स्वयंपाकात मीठ विसरते. मीठ विसरणं हा आजार म्हटला तर निम्मा जिल्हा ॲडमिट करावा लागेल. आमच्याकडेही असंच झालं होतं, आम्ही जाफराबादवर भागवलं. एक गोष्ट मात्र आवडली. नवऱ्याने पुरावा मागितला, अशी डॉक्टरची नोंद आहे. अख्ख्या फाईलमध्ये हा एकच समंजस माणूस. शेरा: 'घरी पतीचा भक्कम आधार असताना भरती अनावश्यक. नामंजूर.' अकरा मिनिटांत फाईल बंद. विक्रम.

२१ जुलै, संध्याकाळी
सुमेधाच्या नावाने पत्र आलं, शाळेच्या ग्रुप विम्याचं. तिचे हात कणकेत होते, म्हणाली, तुम्हीच वाचा. मोठ्याने वाचू लागलो. मानसोपचार, सहा दिवस. 'घरी पतीचा भक्कम आधार असताना'पाशी थांबलो. तिने विचारलं, पुढं काय लिव्हलंय? म्हणालो, भरती अनावश्यक.
बराच वेळ ती कणीक मळत राहिली. मग म्हणाली, हे लिव्हणाऱ्यानं मला एकदाबी पाह्यलं न्हाई का हो?
मी म्हणालो, नाही. मी नाही पाहिलं.
तिने हात धुतले. म्हणाली, जाफराबादला मी गेलेच नव्हते. दवाखान्याचं सांगायची लाज वाटली फार.

२२ जुलै
अपील करायचं ठरलं. सोबत पतीचं निवेदन लागतं: घरी कोणती लक्षणं स्वतः पाहिली? सकाळपासून लिहायला बसलोय. वरणात मीठ नव्हतं, एवढंच आठवतं.