शिट्टी ज्याच्याकडे

शुक्रवार, दुपार

पोचलो एकदाचे! जीपवाल्याने ओढ्याकाठच्या मोठ्या झाडाखाली उतरवलं, रविवारी सकाळी इथेच थांबा म्हणाला आणि गेला. जागा एक नंबर आहे. पाणी हाकेच्या अंतरावर, तंबूपुरती सपाट जमीन, फोनला रेंज नाही. पोरांना शेवटचं सोडून सगळं आवडलं.

मी आजवर गोदामात झोपलोय, ट्रकच्या टपावर झोपलोय, एकदा तर बंद पडलेल्या सर्कशीत महिनाभर राहिलोय (तिथला जोकर जेवणावरून रोज रडायचा, पण ते परत कधीतरी). तेव्हा दोन रात्री जंगलात काढणं म्हणजे किस झाड की पत्ती, असं बायकोला मीच ऐकवलं होतं. पोरं तिची, पहिल्या लग्नाची. मला काका म्हणतात, तेही काही हवं असेल तर. थोरली नऊ वर्षांची, प्रत्येक वाक्याची उलटतपासणी घेते म्हणून मी तिला वकीलबाई म्हणतो. धाकटा टिल्लू सहाचा. बायकोची हॉस्पिटलात ड्यूटी होती. निघताना तिने बजावलं, दोघांना धडधाकट परत आण, चारही बुटांसकट. बूट नवे आहेत.

शुक्रवार, संध्याकाळ

तंबू ज्याने शोधून काढला त्याला पोरं नसणार, लिहून देतो. दुकानदार म्हणाला होता, दहा मिनिटांचं काम. माझा अख्खा दुपारचा वेळ गेला आणि तरी एक काठी उरलीच. वकीलबाईने विचारलं, ही कुठली? मी म्हटलं, जादाची. ती म्हणाली, मग तंबू वाकडा का?

लाकडं ओली. अर्धी काडेपेटी संपवून नुसता धूर झाला. टिल्लूला कंटाळा आला, मग भूक लागली, मग घरी जायचं होतं, मग परत कंटाळा. मधे मला एक निळा भुंगा दिसला, तो दाखवायला बोलावलं तर कोणी ढुंकून बघेना. ओढ्याकडे जाऊ नका म्हटलं की दोघं ओढ्यातच.

शेवटी पारा चढला. गळ्यातली नारिंगी शिट्टी काढली आणि कायदा केला. एक शिट्टी, आहात तिथे थांबा. दोन, धावत या. वकीलबाईचा सवाल तयारच, आणि आम्ही संकटात असलो तर? मी म्हटलं, तीन वाजवा, असेन तिथून येईन, काहीही झालं तरी. त्यावर तिने विचारलं, पण तुझंच का ऐकायचं, काका? माझ्या तोंडून निघून गेलं, शिट्टी ज्याच्याकडे त्याचं ऐकायचं, विषय संपला.

तिला पटलं. माझं काही पटण्याची तिची ही पहिलीच खेप. टिल्लूनेही मान डोलावली.

शनिवार, सकाळ

शिट्टी हरवली. माझीच चूक. तोंड धुताना फांदीला अडकवली, तेवढ्यात सुतारपक्षी दिसला, त्याच्या मागे गेलो. परत आलो तर फांदी मोकळी. पोरांवर ओरडलो. त्यांनी घेतली नव्हती. दोघं बिस्किटांवरून भांडत बसली होती.

आणि मग ओढ्यापलीकडून वाजली. दोनदा. आमचीच, नक्की. आत गोळीपाशी वाळू गेल्यामुळे तिचा आवाज बसलाय.

पोरांनी हातातली बिस्किटं टाकली आणि धावली. मी हाका मारतोय, शिव्या घालतोय, पण एकानेही मागे बघितलं नाही. पाणी ओलांडून सगळीकडे शोधलं. दमून परतलो तर दोघं तंबूपाशी बसून वाळक्या काटक्या जाडीप्रमाणे लावत होती. गुपचूप. न भांडता.

शनिवार, दुपार

टिल्लूने एका काडीत जाळ केला. ज्या पोराला कालपर्यंत बुटाची नाडी बांधता येत नव्हती, त्याने तंबूच्या दोऱ्या अशा गाठींनी ताणल्यात की मला सुटेनात. तंबू आता सरळ आहे. उरलेली काठीही लागली.

खोटं कशाला लिहू, आधी मला रागच आला. मी एवढा घसा फोडला, आणि कुणीतरी तिसराच येऊन –

कोण शिकवतं विचारलं. वकीलबाई म्हणाली, शिट्टीवाले. तुमचे बाबा आलेत का, असंही विचारून पाहिलं. ती हसली, बाबा तर बेडकाला घाबरतात. मग दिसतो कसा तो माणूस? ती म्हणाली, बघायचं नसतं काका, ऐकायचं असतं. तूच सांगितलंस ना.

शनिवार, त्यानंतर

जीपची वाट बघणं गेलं खड्ड्यात. सामान टाकून पोरांना घेऊन चालत निघालो. पहिल्या वळणावर शिट्टी वाजली.

एक.

दोघं थांबली. टिल्लूचा एक पाय हवेत होता, तो तसाच राहिला. भर उन्हात. डोळ्यांसमोर माशी घोंघावत होती, पण पापणी हलली नाही. त्याला उचलायला गेलो. वीस किलोचं पोर, पण जमिनीत पुरलेल्या खांबासारखं. ओरडलो, विनवण्या केल्या. कायदा मोडला, माझा कायदा मी रद्द केला, असं शंभरदा सांगितलं. वकीलबाई ओठ न हलवता एवढंच म्हणाली की शिट्टी तुझ्याकडे नाही.

मग दोन वाजल्या. आली त्याच वाटेने दोघं तंबूकडे धावली. मी मागे.

शनिवार, दिवस मावळताना

दोघांच्या कानात कापूस कोंबलाय. वर रुमाल बांधलेत. टिल्लूने कुरकुर केली, टोचतंय म्हणाला. इतकं बरं वाटलं ती कुरकुर ऐकून. कर रे बाबा, कर. हवी तेवढी कर.

दोघांना दोन काखेत धरून बसलोय. सकाळी जीप येईल. फक्त सकाळ –

रविवार, उजाडताना

धुकं. दोन वाजल्या.

कापसाचा काही उपयोग नाही. मी घट्ट धरलं होतं, देवाशपथ. टिल्लू निसटला. वकीलबाईचा पाय हातात आला, मग नुसता बूट. तीनच बूट गेले. चौथा माझ्याकडे आहे –

रविवार

ओढा, पलीकडचा उतार, सगळं पालथं घातलं. माग नाही. चिखलात एक ठसा नाही.

झाडाखाली बसलोय. जीपवाला आला की चार माणसं जमवू. आता एकट्याने आत जायचं नाही. एवढी अक्कल आहे मला –

खालून जीपचा आवाज येतोय. घाट चढतेय.

आणि शिट्टी. जवळ. फुंक अगदी लहान, थरथरती. टिल्लूची असेल. नसेलही. त्या शिट्टीवाल्याने शिकून घेतली असेल तशी –

जीप थांबेपर्यंत थांबावं. थांबायलाच हवं. पण तीन वाजल्या की काहीही झालं तरी येईन म्हटलं होतं, आणि ते पोर वाट बघत –

परत वाजली. एक. दोन. ती