ऊन दाखवलेला मका

६ ऑक्टोबर २००१, रोहा

पॉपकॉर्नचं मशीन आलं एकदाचं! पेणच्या बंद पडलेल्या थिएटरातलं. लाल रंग, काचेला एक तडा, आतला टोप काळाकुट्ट. सरू आणि मी निम्म्या-निम्म्या मालकिणी. चिंच लावून दुपारभर टोप घासला, हात गेले पार. दसऱ्यानंतर पालखीच्या जत्रेत गाडी लावायची. जागा मिळालीय. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण माझं स्वतःचं असं हे पहिलंच.

८ ऑक्टोबर

तेल ठरेना. शेंगतेल घातलं तर घरभर धूर. पामतेलानं तोंड नुसतं मेणचट. खोबरेलावर मात्र नमुन्याचा मका असा फुटला की शेजारची धोंडुबाई वास घेत आली. मूठभर खाऊन वर म्हणते, "मीठ कुठं हाय गो?" मीठ होतं की, पण खाडीचं जाडं, सगळं तळाशी. मिक्सरमधून पिठासारखं काढलं तेव्हा चिकटलं. वर चिमूटभर हळद. जमलं!

१० ऑक्टोबर

मला ताप. म्हणून मक्याचं पोतं आणायला पेणला पोपटशेटच्या दुकानात सरू गेली, सोबतीला हे. चक्क शिफ्ट बुडवून! "कमळाकर भावोजी आज फारच खुशीत," सरू म्हणाली.

रात्री हे म्हणाले, "माल ओलसर हाय. चांगलं ऊन दाखव, नायतर किडेल." खरंच की. आपण डाळ-तांदूळ ऊन दाखवल्याशिवाय कधी डब्यात भरतो? उद्या सकाळीच गच्चीवर जुनी लुगडी पसरून सगळा मका वाळत टाकते.

१५ ऑक्टोबर

कडक ऊन. मका खडखडीत झालाय.

१८ ऑक्टोबर

फुटत नाय. घाण्यावर घाणे टाकले – नुसते गणंग. दात पडतील खाणाऱ्याचे. रडू आलं.

१९ ऑक्टोबर

पेणला जाऊन पोपटशेटला फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "बाई, ह्या मक्यात थोडी ओल राहावीच लागते. ती तापून फुगते तेव्हा दाणा फुटतो. ऊन दाखवू नका, डबा घट्ट लावा – नेताना बजावलं होतं." कुणाला बजावलं, ते विचारायचं सुचलंच नाय.

घरी ह्यांना विचारलं. "मी बाहेर टेम्पोपाशी होतो. शेटशी सरूच बोलत होती. तिच्या दिराला जत्रेतली ती जागा हवीय म्हणतात."

म्हणजे तिला माहीत होतं! परवा गच्चीवर येऊन माझ्याबरोबर मका खालीवर केला तिनं, आणि तोंडातून शब्द नाय. शाळेपासूनची मैत्रीण. केसानं गळा कापला.

२० ऑक्टोबर

सरू आली होती. खिडकीतूनच सांगितलं – जत्रा राहिली, मशीनचा तुझा वाटा घेऊन जा. "काय झालं ते तरी सांग गो," म्हणत उभी राहिली. वर तोंड करून विचारते! कडी लावून घेतली.

हे म्हणाले, "जाऊ दे. बरंच झालं. बाईमाणसानं जत्रेत लाह्या विकायच्या म्हणजे – कंपनीतले सगळे येतात तिथं." मग स्वतः चहा केला माझ्यासाठी. आपलं माणूस ते आपलं.

२२ ऑक्टोबर

धोंडुबाईजवळ मी मन मोकळं केलं होतं, तिच्याकडून सरूनं सगळं काढून घेतलं. मला हाताला धरून फोनच्या बूथवर नेलं, पोपटशेटला लावून दिला. शेट म्हणाला, "त्या दुसऱ्या बाई तर तेव्हा समोरच्या दुकानात खोबरेल बघायला गेल्या होत्या. मी तुमच्या मिस्टरांना सांगितलं. दोनदा. बायकोला सांगतो म्हणाले."

नवं पोतं सरूकडे उतरवलं. मशीन हातगाडीवर चढवताना कमळाकर हात लावायला आला.

लावू दिला नाय.