बिशपची छत्री

३ मार्च, सोमवार
नवी शिकवणी सुरू. नर्स आहे. तिची वाक्यं शेवटाकडे आधी पोहोचतात, कर्ता मागून धापा टाकत येतो. मनातल्या मनात तिचं नाव घाई ठेवलं. पुढच्या महिन्यात तिची इंग्रजी संभाषणाची परीक्षा आहे.

पहिल्याच दिवशी नियम सांगितला – या टेबलाशी तासभर फक्त इंग्रजी, आणि चूक झाली की मी तिथेच थांबवणार. वाक्य संपेपर्यंत कळ काढत बसायची मला सवय नाही.

"आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स," म्हणाली. सिन्स आणि फॉर! पाच वर्षं हा काळ झाला, तिथे फॉर. अमुक सालापासून म्हणायचं तर सिन्स. यात न समजण्यासारखं काय आहे? ऑफिसात बत्तीस वर्षं साहेबलोकांची पत्रं दुरुस्त केली, त्यांनाही कधी समजलं नाही. पगार मात्र त्यांना जास्त.

६ मार्च, गुरुवार
आजचा विषय : तुम्ही जिची काळजी घेता अशी एक व्यक्ती. घाईने वॉर्डातली खिडकीजवळची पेशंट निवडली. "ओल्ड लेडी" म्हणाली. वय विचारलं तर माझ्याहून थोडी मोठी. पुढे सरकले, वाद घातला नाही.

ही पेशंट म्हणे पडल्या पडल्या सगळ्या नर्सांचं इंग्रजी सुधारते. "अगदी तुमच्यासारखी, मॅडम." हे मराठीत! तेच इंग्रजीत म्हणायला लावलं.

मग काहीतरी महत्त्वाचं सांगायच्या आविर्भावात पुढे झुकली. "शी डोन्ट नो हर ओन –"

"डझन्ट."

दहादा म्हणून घेतलं. पुढचं राहून गेलं, तास संपला.

८ मार्च, शनिवार
भाचीचा फोन. दोनदा. उचलला नाही. ताईने मुलीला फोन लावायला सांगायचं आणि स्वतः शेजारी बसून कान द्यायचा, हा प्रकार मला मान्य नाही. बोलायचं असेल तर तिने बोलावं.

आई गेली तेव्हा इंग्रजी पेपरातली सूचना ताईने लिहिली. त्यात 'एक्स्पायर्ड' लिहिलं. मी भरल्या घरात म्हटलं, "दूध एक्स्पायर होतं. खोकल्याचं औषध होतं. आई होत नाही." ताई म्हणाली, "आई गेली तरी तुला लाल शाईच सुचते." तिथून बोलणं बंद, ते आजतागायत.

शब्द चुकीचाच होता. आजही तेच म्हणेन.

१० मार्च, सोमवार
घाईने 'डिस्कस अबाउट' म्हणायला तोंड उघडलं आणि आपणहून मिटलं. "खिडकीवाल्या आजी ओरडतात," म्हणाली. डिस्कसपुढे अबाउट लावू नये. बरोबर आहे. चला, त्या इमारतीत एक तरी शहाणी आहे.

पण पुढे! ही बाई घाईला 'आय विल' म्हणू देत नाही, 'आय शॅल'च हवं म्हणते. मी निरोप धाडला – तुझ्या पेशंटला सांग, शॅल आमच्या शाळेतल्या नन्सबरोबरच निवृत्त झाला.

१३ मार्च, गुरुवार
उत्तर आलं. घाईने नजर टेबलावर ठेवून सांगितलं, "त्या म्हणाल्या, तुझ्या मॅडमचं शिक्षण मधल्या सुट्टीत झालेलं दिसतं."

कपाळाची शीर उडायला लागली. कोण ही? अंथरुणावर पडून दुसऱ्यांच्या शिकवण्या मोडते! तिच्यासाठी चार प्रश्न काढून दिले. तिसरा भलताच अवघड आहे. बघू.

बऱ्याच दिवसांनी भूक चांगली लागली.

१७ मार्च, सोमवार
घाईने आज 'सिन्स' एकदाही चुकवला नाही. कसं जमलं, विचारलं.

"आजींनी एक वाक्य पाठ करायला दिलं," ती म्हणाली आणि धडाधड म्हणून दाखवलं. बिशपची छत्री मंगळवार'पासून' सूपमध्ये बसली आहे. म्हणजे छत्री 'तीन दिवस' सूपमध्ये बसली आहे. पहिल्याला सिन्स, दुसऱ्याला फॉर.

मी कप खाली ठेवला.

हे वाक्य कुठल्याही पुस्तकात नाही. सहावीत माझ्या डोक्यात हे शिरेना, म्हणून ताईने रचलं होतं. चॅपेलमध्ये आठवून दोघींना इतकं हसू फुटलं की मदर सुपीरियरने बकोटीला धरून बाहेर काढलं. ती छत्री जगात दोघींनाच ठाऊक होती.

"कोण आहे ती बाई? मराठीत सांग."

"मराठीत चालेल?"

"बोल गं."

"त्या दिवशी तेच सांगत होते, मॅडम. त्या स्वतःच्या मुलीलाही ओळखत नाहीत. मुलगी रोज येते, रोज नव्याने ओळख करून देते. बाकी सगळं पुसलं गेलं. शाळेतलं तेवढं राहिलंय."

"मग पूर्ण का नाही सांगितलंस?"

"मी डझन्ट म्हणत होते ना."

१८ मार्च, मंगळवार
भाचीला फोन केला. "मावशी, किती फोन केले गं तुला," एवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

२० मार्च, गुरुवार
गेले.

ताईचे केस बारीक कापलेत. वेणी कमरेखाली यायची. खुर्चीत बसवलं होतं, खिडकीकडे तोंड करून. मी समोर स्टूल ओढलं आणि म्हटलं, "ताई, मी."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग इंग्रजीत विचारलं, नव्या आलात का? मी म्हटलं, तुझी बहीण आहे. तर म्हणाली, माझी बहीण शाळेत असते, फार तापट आहे.

घाई पलीकडे चादरी बदलत होती. तिने मान वर केली नाही, याबद्दल तिचे उपकार.

ताई प्रत्येकाला विचारते तेच तिने मलाही विचारलं – तुमची आई आहे का? मी काही ठरवून गेले नव्हते. तोंडातून निघालं, "शी एक्स्पायर्ड."

ताईने बोट वर केलं. चेहरा एकदम उजळला. "नो, नो. दूध एक्स्पायर होतं. आईबद्दल बोलताना पास्ड अवे म्हणावं. माझ्या धाकट्या बहिणीला विचारा. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे."

मी म्हटलं, "शी पास्ड अवे."

"गुड," म्हणाली. पुढचं वाक्य मी बिनचूक बोलले. त्याच्या पुढचंही. तशी तिची नजर माझ्यावरून सुटली आणि ती पुन्हा खिडकीकडे वळली. निघेपर्यंत परत बोलली नाही.

२१ मार्च, शुक्रवार
उद्या ताईपुढे करायच्या चुका काढून ठेवल्या. सुरुवातीला 'डिस्कस अबाउट', मग 'आय विल'. 'सिन्स' सगळ्यात शेवटी. छत्री निघेल.