विस्तवावाचून बुडबुडे

बार्टिका, ३ डिसेंबर १९८७

चि. लेनॉक्स यास, एस्मेताईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तू आता खानावळी तपासणारा मोठा साहेब, बहिणीला चार ओळी कशाला लिहिशील! पाय सुजलेत म्हणून आपली खानावळ आठवडाभर बंद आहे. सोमवारी उघडेन. नाताळ जवळ आला, खाणीवरची माणसं पेपरपॉटच्या रश्श्यासाठी हटून बसलीत. आईचं पातेलं एकतीस वर्षांत कधी रिकामं झालं नाही. मांस आणि कसाव्याच्या कंदाचा काळा रस वरून घालायचा, सकाळ-संध्याकाळ खळखळून उकळायचं, बस.

हसू नकोस, पण गेलेली आई अजून येते रे. पायांमुळे दोन दिवस उकळी चुकली. उठून बघते तर चूल गार आणि पातेल्यात बुडबुडे! तेव्हापासून पातेलं तिच्यावरच सोडलंय. पहाटे कुणीतरी पांघरूण ओढतं. झोपू दे गं आई, म्हणते आणि कूस बदलते. भीती नाही वाटत, रडू मात्र येतं.

लोभ आहेच, तो पत्रातही दिसू दे.
तुझी ताई

जॉर्जटाउन, ५ डिसेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. विस्तवावाचून बुडबुडे म्हणजे रस्सा नासलाय गं. साहेब म्हणून नाही, भाऊ म्हणून पाया पडतो, कुणाला एक वाटीही देऊ नकोस. आता उकळूनही उपयोग नाही, मातीत पुरून टाक. आईच्या हातचं आहे, माझाही जीव तुटतोय.

आईने तुझ्या-माझ्या वाटचं काम कधी केलं होतं का? मेल्यांनो, उठा, म्हणत चारला पांघरूण ओढायची, आणि आपण उठलो की घडी घालून पायाशी ठेवायची. ती तुझी उकळी काढेल होय? लगेचच्या लाँचने पत्र धाडतोय.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
लेनॉक्स

बार्टिका, १२ डिसेंबर

चि. लेनॉक्स यास, अ. आ.

पत्र सोमवारी संध्याकाळी मिळालं. तोवर पहिली वाटी मी खाल्ली होती. आईचा नेमच तो, आधी रांधणारीने खायचं आणि दुपारपर्यंत कुणाला वाढायचं नाही. बाराच्या आत उलट्यांनी आडवी झाले. बाहेर चौदा माणसं ताटकळत होती, त्यांना उपाशीच परत पाठवलं.

शेजारच्या ऑस्लिनने खड्डा खणला, पातेलं मीच ओतलं. एकतीस वर्षं, लेनॉक्स! आई दुसऱ्यांदा गेली असं वाटून मी गळा काढून रडले.

आता बरी आहे. पातेलं घासून पालथं घातलं होतं. तरी आज पहाटे पांघरूण ओढलं गेलं. या वेळी कूस बदलली नाही. उठले गं, म्हणाले, चूल पेटवली, नवा रस चढवला आणि खळखळून उकळी येईपर्यंत तिथून हलले नाही.

परत खोलीत आले तर पांघरूण घडी घालून पायाशी ठेवलेलं.

नाताळला ये. माया आहे तशीच ठेव, आणि चारला उठायची तयारी ठेव.
तुझी ताई